बायोडाटात रक्तगट आहे, पॅटर्न कुठे आहे?

मा. संपादक,
स. न.

हिवाळा लागला की नागपुरात वधू-वर परिचय मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. आमच्या मंडळाच्या मेळाव्यात मी बरीच वर्षे नोंदणीच्या टेबलावर बसते, त्यामुळे बायोडाटे डोळ्यांखालून जातात. उंची, वर्ण, मंगळ, मामेकुळ, पगार आणि शेवटी रक्तगट : ओ पॉझिटिव्ह. रक्तगट लिहिला की आरोग्याचे प्रकरण मिटले! विदर्भात त्याहून गरजेचा आहे तो सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा पॅटर्न, म्हणजे माणूस निरोगी, वाहक की आजारी हे सांगणारा चाचणीचा निकाल, आणि त्याचा रकानाच नसतो.

विचारले तर उत्तर ठरलेले. ‘‘आमच्या घराण्यात नाही जी असं काही.’’ नाही, हे तपासल्याशिवाय कळणार कसे? एएस पॅटर्नचा माणूस, म्हणजे वाहक, एरवी ठणठणीत असतो. नवरा-बायको दोघेही एएस निघाले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. पहिले मूल एसएस निघाल्यावर ‘‘आता पुढची तीन चांगली’’ असा हिशेब करणारी शिकली-सवरलेली माणसे मी पाहिली आहेत. चिठ्ठी दर वेळी नव्याने निघते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. 40 वर्षांखालील 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. पण शहरातल्या फ्लॅटवाल्यांना वाटते, हा गडचिरोली-मेळघाटातला आजार. तो आदिवासींत आहे, तसाच अनुसूचित जातींत आणि ओबीसींतही आहे.

मग लग्न होते, दिवस जातात आणि पहिल्या तपासणीत मुलीची सिकलसेलची चाचणी पॉझिटिव्ह येते. ‘‘मिस्टरांना घेऊन या,’’ असे सांगतात. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये नाही तर पुण्याला नोकरीत. सासूबाईंना वाटते, आमच्या मुलाला कशाला टोचायचे? यात आठवडे निघून जातात. गर्भाला आजार आहे का, हे वारेचा नमुना घेऊन साधारण 11 ते 14 आठवड्यांत तपासता येते; ती वेळ हुकली की गर्भजल तपासणीसाठी थांबा. (या तपासणीला कायद्याने परवानगी आहे, बंदी लिंग सांगण्यावर आहे.) निर्णय काहीही होवो, तो पोरगी चौथ्या-पाचव्या महिन्यात, घरच्यांच्या नजरा झेलत घेते. दोघांचे रिपोर्ट आधीच हातात असते, तर डॉक्टरांशी निवांत बोलून ठरवता आले असते. फॉलिक अॅसिडची गोळीही दिवस राहण्याआधीच सुरू करायची असते, म्हणजे तेव्हा डॉक्टरांकडे जाणे आलेच.

चाचणी अवघड नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात आणि मागे काळ्या रेषांचा कागद धरतात. रेषा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. मात्र एएस की एसएस, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली चाचणी, करावी लागते. मी तर म्हणेन, दोघांनीही थेट एचपीएलसीच करावी, कारण त्यात थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा वाहकही सापडतो. एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, या जोडीतही मूल आजारी होऊ शकते. मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालये गावातच आहेत.

रिपोर्ट मागितल्याने मुलींची लग्ने मोडतील, ही भीती खोटी नाही. मुलाचा एएस झाकला जातो, मुलीचा गावभर होतो. पण एएस मुलीचा नवरा एए, म्हणजे वाहकही नसलेला, असेल तर एकही मूल एसएस होत नाही. एसएस मुलीचेही तेच : नवरा एए असेल तर सगळी मुले फक्त वाहक. तिचे स्वतःचे बाळंतपण जोखमीचे असते, हे खरे. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचे औषध चालू असेल तर दिवस राहू देण्याआधीच डॉक्टरांना विचारावे लागते आणि बाळंतपण रक्तपेढीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करावे लागते. म्हणून तिने जन्मभर माहेरी बसायचे का?

माझी सूचना साधी आहे. मेळाव्याच्या छापील पुस्तिकेत पॅटर्न मुळीच छापू नये. नोंदणी अर्जावर मात्र ‘एचपीएलसी झाली आहे / नाही’ एवढाच रकाना ठेवावा, मुलासाठीही आणि मुलीसाठीही. बोलणी पुढे सरकली की दोन्ही घरांनी रिपोर्ट समोरासमोर दाखवावेत, आणि पहिला मुलाकडच्यांनी काढावा. आमच्या मंडळापुढे मी हे मांडले आहे. इतर मंडळांनीही येत्या मेळाव्यापासून विचार करावा.

– मंडळाची एक कार्यकर्ती, नंदनवन, नागपूर