नाशिकच्या त्रिमूर्ती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात भेटलेल्या काकांना

काका, तुमचं नाव मला माहीत नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. सातपूरच्या कंपनीत क्वालिटीला होतो, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, एवढंच तुम्ही बोलता बोलता म्हणालात. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आला होतात, मशीन अंगठा घेत नव्हतं म्हणून थांबला होतात, आणि मी बाजूला रिझ्युमेच्या प्रिंट काढत होते. मला नोकरी लागली काका. अंबडलाच, इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासायला. हे तुमच्यापर्यंत पोचलंच पाहिजे.

आधीचं थोडं सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. मुलगी झाली तेव्हा नोकरी सुटली, मग सासूबाईंचं आजारपण निघालं, त्यात वर्षं गेली. परत सुरुवात करायची म्हणून एका प्लेसमेंटवाल्यांकडे गेले, त्यांनी पैसे आधी घेतले आणि रिझ्युमे बनवून दिला. दोन कॉलमचा, डावीकडे निळी पट्टी, त्यात कॉम्प्युटरला चार स्टार, वर ते चॅलेंजिंग एन्व्हायरन्मेंटमध्ये काम करायची इच्छा वगैरे, खाली वडिलांचं नाव, लग्न झालंय का, छंद, डिक्लेरेशन. माझ्यासोबत आलेली मुलगी अकाउंट्सची, तिलाही तोच, शब्दाला शब्द तोच. हाच सगळीकडे टाकत राहा म्हणाले. फोन केला की मार्केट डाऊन आहे, आणि वरून, गॅप आहे ना मॅडम तुमचा. नात्यातले एक साहेब चांगल्या पोस्टवर आहेत, त्यांनी "पाठवून ठेव, बघतो" म्हणून सांगितलं आणि फाइल उघडली पण नाही. नाही जमणार म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण बघतो म्हणायचं आणि बघायचंच नाही हे फार लागतं माणसाला.

तुम्ही वाचलात. काउंटरशी उभ्या उभ्या, चष्मा शर्टाला पुसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग विचारलंत, हा कुठल्या जागेसाठी देतेयस, जाहिरात दाखव. मोबाईलवर दाखवली तर ती पण पूर्ण वाचलीत. आणि मग दुकानदाराकडून पेन्सिल मागून घेतलीत. त्याने पेन पुढे केला होता, तुम्ही नको म्हणालात. मला म्हणालात, "ही ओळ खोडू का? पेन्सिलनेच खोडतो, नाही पटलं तर पुसून टाक, काम तुझं आहे."

काका, खरं सांगते, मला तिथेच भरून आलं. त्या कागदाला तोपर्यंत सगळ्यांनी रद्दीसारखं धरलं होतं, आणि तुम्ही त्यातली एक फालतू ओळ खोडायला सुद्धा माझी परवानगी मागितलीत. नोकरी लागली त्याचा आनंद आहेच, पण मला आठवतं ते हे. प्रत्येक ओळीला विचारत होतात. छंदाची ओळ खोडू का, डिक्लेरेशन खोडू का. टीएस 16949, ते गाड्यांच्या पार्ट्सच्या क्वालिटीचं स्टँडर्ड, लिहिलं होतं तिथे थांबलात, म्हणालात हे 2016 सालीच बदललं, आता आयएटीएफ 16949, ज्याने कोणी बनवलाय त्याने जुनाच उचलून चिकटवलाय. आवाजात जराही चीड नव्हती.

आणि मग प्रश्न. रिझ्युमेत माझ्या आधीच्या कामाची एकच ओळ होती, क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये काम केले, बस. तुम्ही विचारलंत पीपीएपीची, म्हणजे पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची, फाइल कोण बनवायचं, मी म्हटलं मीच बनवायचे, तर म्हणालात त्यातल्या 18 गोष्टींपैकी तू स्वतः काय काय करायचीस ते सांग. कंट्रोल प्लॅन, डायमेन्शनल रिपोर्ट, गेज आर अँड आर म्हणजे मोजमाप भरवशाचं येतं का ते तपासणं, मी सांगत गेले, तुम्ही मार्जिनला लिहीत गेलात, माझ्याच शब्दात. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं की तू नक्की करायचीस काय. घरी पण नाही.

जाहिरातीत मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, सॅम्पलिंग, व्हेंडरचं रिजेक्शन असं होतं, हे सगळं मी केलेलं, पण रिझ्युमेत कुठेच नव्हतं. तुम्ही ते वर घ्यायला लावलंत. दुसरी जाहिरात लाइन इन्स्पेक्शनची होती, तिथे व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज, ड्रॉइंग रीडिंग वर येणार आणि हे खाली जाणार. काम तेच, माणूस तोच, समोरच्याला जे लागतं ते त्याला आधी दिसू दे, इतकं साधं करून सांगितलंत. एसपीसी, म्हणजे आकडेवारीवरून प्रोसेसवर लक्ष ठेवणं, येतं लिहू का विचारलं तर तुम्ही मान हलवलीत, केलं नसेल तर नाही लिहायचं, समोर बसलेला पहिला प्रश्न तिथलाच काढेल. निळी पट्टी पण काढायला लावलीत, मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन कॉलम असले की ते कधी कधी ओळींची सरमिसळ करतं म्हणून. गॅपबद्दल म्हणालात, लपवू नकोस, एका ओळीत सरळ लिही, घर सांभाळणं हा काय गुन्हा आहे का.

इंटरव्ह्यूला साहेबांनी गॅपची ती ओळ वाचली, मान हलवली आणि पुढे गेले. बाकी सगळा वेळ कंट्रोल प्लॅनवर बोलणं झालं आणि मी बोलू शकले, कारण लिहिलेलं सगळं माझं होतं.

नाशकात शिकलेली पोरं काही कमी नाहीत, सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, रोज कुठल्या ना कुठल्या गेटवर फाइल घेऊन कोणीतरी उभं असतंच. त्यातल्या कितीजणांचा कागद कोणी शेवटपर्यंत वाचला असेल? ओळख लावा म्हणत नाही कोणी, नुसतं नीट वाचून एक खरा प्रश्न विचारला तरी माणूस ताठ होतो. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं वाटतं, आणि अशी माणसं कुठे मोठ्या खुर्चीवर नसतात, हयातीच्या दाखल्याच्या लाइनीत उभी असतात, याचं वाईट पण वाटतं.

त्या दिवशी तुमचा दाखला झाला की नाही ते मी बघितलं नाही, माझ्या नादात तुमचा नंबर मागे गेला होता. दुकानदाराला विचारलं, तो म्हणे काका अधूनमधून येतात. त्याच्याकडे माझा नंबर देऊन ठेवलाय. अजून अंगठा लागत नसेल तर सांगा काका, आता चेहऱ्यावरून पण होतं, मोबाईलवर, मी घरी येऊन करून देईन. कुठल्याही रविवारी.