‘अहरिमन’ची नोंद तपासून देणाऱ्या पारशी धर्मगुरूंना, दस्तुरजींना

आदरणीय दस्तुरजी, साहेबजी!

आमच्या मराठी पुराणकथा-कोशातली ‘अहरिमन’ (जरथुष्ट्राच्या, म्हणजे पारशांच्या धर्मातली दुष्ट शक्ती) ही नोंद तुम्ही पेन्सिल घेऊन ओळीओळीने तपासलीत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही दाखवलेल्या चुका फक्त आमच्या नाहीत. मराठीत या विषयावर लिहिताना त्या सर्रास होतात.

पहिली खूण पहिल्याच वाक्यावर होती. ‘अहरिमन म्हणजे पारशांचा सैतान.’ त्यातला ‘सैतान’ खोडून तुम्ही समासात विचारलंत: ‘कोणाचा नोकर?’ बायबलातल्या ईयोबाच्या गोष्टीत सैतान देवाच्या दरबारात हजेरी लावतो आणि परवानगी घेऊन छळ करतो. इस्लाममधला इब्लिस देवानेच निर्माण केलेला, आज्ञा मोडून हाकलला गेलेला. बुंदहिश्न या पहलवी (मध्ययुगीन फारसी) सृष्टिग्रंथातला अहरिमन यांपैकी काहीच नाही. त्याला कोणी घडवलेलं नाही, तो कुठून पडलेला नाही आणि कोणाची परवानगीही मागत नाही. ते वाक्य आता नोंदीत नाही.

दुसरी चूक मोठी होती. आम्ही तीन काळांतला मजकूर एकाच पातेल्यात शिजवला होता. गाथा म्हणजे अवेस्ता या धर्मग्रंथातली जरथुष्ट्राची सूक्तं. त्या सतरा, त्यांतल्या यस्न ३०.३ मध्ये दोन जुळे मैन्यु, म्हणजे आत्मे, येतात आणि ४५.२ मध्ये त्यांतला पवित्र मैन्यु दुसऱ्याला, अंग्राला, सुनावतो की आपलं मन, वचन, कर्म काहीच जुळत नाही. म्हणजे तिथे जोडी लागते ती स्पेंत मैन्यु आणि अंग्र मैन्यु यांची. पुढे पहलवी ग्रंथांत स्पेंत मैन्यु ओहर्मज्दमध्येच (देव अहुर मझ्दमध्येच) विरून जातो आणि ओहर्मज्द विरुद्ध अहरिमन असा थेट सामना उरतो. आम्ही हा पहलवी सामना जरथुष्ट्राच्या तोंडी घातला होता. मार्टिन हौग १८५९ ते १८६६ पुण्यात संस्कृत शिकवत होते. गाथांमधला हा फरक, म्हणजे देव एकच आणि जोडी मैन्यूंची, त्यांनी ठासून मांडला आणि मुंबईच्या पारशांना तो फार उपयोगी पडला, कारण मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३च्या आपल्या पुस्तकात ‘तुमचे देव दोन’ असा हल्ला चढवला होता. तरीही तुमची टीप नेमकी होती: ‘हौगचं मत म्हणून छापा, धर्मसिद्धांत म्हणून नको.’

वर्षांचा हिशेब तर आम्ही पार बिघडवला होता. बेरीज पंधरा हजारांवर गेली होती, कारण अहरिमन बेशुद्ध पडलेली तीन हजार वर्षं आम्ही वेगळी धरली. खरा हिशेब बारा हजारांचा, तीन-तीन हजारांच्या चार टप्प्यांचा. आधी तीन हजार वर्षं सृष्टी मेनोग, म्हणजे अमूर्त अवस्थेत. मग ओहर्मज्द आणि अहरिमन यांच्यात नऊ हजार वर्षांच्या मुदतीच्या लढ्याचा करार. करार होताच ओहर्मज्द एकवीस शब्दांची अहुनवर प्रार्थना म्हणतो आणि अहरिमन तीन हजार वर्षं सुन्न पडतो. ही वर्षं त्या नऊ हजारांतलीच. जेह ही राक्षसी त्याला उठवते तेव्हा तिसरा टप्पा सुरू होतो. फरवर्दिन महिन्याच्या हर्मज्द रोजी, म्हणजे पहिल्या दिवशी, ऐन दुपारी, तो आकाश फोडून आत घुसतो. पाणी खारट होतं, जमिनीवर साप-विंचू सुटतात, झाड वाळतं, आद्य बैल मरतो, पुढे आद्य मानव गयोमर्दही. अग्नीत धूर मिसळतो. चौथ्या टप्प्यात त्याची ताकद ओसरते आणि शेवटी आला त्याच भोकातून त्याला बाहेर काढलं जातं.

संस्कृतच्या बाजूने आमचा उत्साह नडला. ‘अंग्र’चा ‘अंगिरस’शी आम्ही जोडलेला संबंध तुम्ही सरळ कापलात. ‘मैन्यु’ आणि ऋग्वेदातला ‘मन्यु’ मात्र खरेच सख्खे. ‘तिकडचे देव इकडचे राक्षस’ हे लाडकं सूत्रही तुम्ही अर्धंच ठेवलंत. इंद्र अवेस्तातल्या वेंदिदादमध्ये दएव, म्हणजे राक्षस, आहे, पण वृत्रघ्न हे त्याचं बिरुद वेरेथ्रघ्न, म्हणजे बेहराम यझद (पूज्य देवता), होऊन पूजलं जातं. आणि मित्र हा देव तर दोन्हीकडे पूज्यच.

प्रभावाच्या भागात तुम्ही दाव्यांची वजनं वेगळी करायला लावलीत. तोबित या प्राचीन ज्यू ग्रंथात सारा या स्त्रीच्या सात नवऱ्यांना मारणारा राक्षस अस्मोदेउस हा अवेस्तातल्या अएश्म-दएववरून आला, ही जोडणी मजबूत. मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडलेल्या प्राचीन ज्यू गुंडाळ्यांतले प्रकाशाचा व अंधाराचा असे दोन आत्मे, ही शक्यता दाट. ‘सैतानाची कल्पनाच इराणातून आली’ हे मात्र सिद्ध नाही, म्हणून ते ‘काही अभ्यासकांच्या मते’ खाली गेलं.

चित्राचं तुम्ही फार बरं केलंत. आम्ही सापाने वेढलेला सिंहमुखी पुतळा लावला होता. ‘देओ अरिमानिओ’ (‘अरिमानिउस देवाला’) असे लॅटिन लेख रोममध्ये आणि हंगेरीतल्या अक्विंकुमला मिळालेत हे खरं, पण तो सिंहमुखी म्हणजे अरिमानिउसच, याला पुरावा पुरत नाही. शिवाय तो रोमन मिथ्र-पंथाचा, अवेस्ताचा नव्हे. पर्सेपोलिसमधला राजा ज्या पशूला भोसकतोय त्याखालीही इंटरनेटवर बिनदिक्कत ‘अहरिमन’ लिहितात. ज्याला पहलवी ग्रंथ गेती, म्हणजे मूर्त अस्तित्वच नाकारतात, त्याचं चित्र काय देणार? चौकट आता रिकामी आहे आणि खाली कारण दिलंय.

शाहनामा या फिर्दौसीच्या फारसी महाकाव्यातला घोळही मिटला. राजपुत्र सियामकला मारतो अहरिमनचा मुलगा, काळा दीव (राक्षस). राजा झहाकच्या खांद्यांचं चुंबन घेतो इब्लिस. आम्ही दोन्हीकडे अहरिमन लिहिलं होतं.

कुस्तीचा, म्हणजे पारशी कमरेला बांधतात त्या पवित्र दोऱ्याचा, परिच्छेद पूर्ण तुमचाच. बहात्तर धाग्यांची कुस्ती, कमरेला तीन वेढे, आणि बांधण्याआधी प्रार्थनेत अहरिमनचं नाव येतं तिथे तिला दिलेला झटका. त्याला हुसकावणं रोजच्या हातवाऱ्यात कसं बसलंय, ते या दोन ओळींतून कळतं.

एक अडचण उरलीय. पहलवी लेखनिक त्याचं नाव अनेकदा उलटं लिहीत, म्हणून तुमच्या सूचनेनुसार एका ठिकाणी आम्ही ते डोक्यावर उभं छापतोय. मुद्रितशोधकाने ते दोनदा सरळ केलंय. तिसऱ्या मुद्रितावर ‘चूक नाही, असंच ठेवा’ असा शेरा मारलाय. प्रत सोबत आहे, एकदा नजर टाकाल?

आपले,
कोशाचे संपादक