जोत्याच्या खालचा खर्च कोण धरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भागासाठीचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला आहे. देशभरात एक कोटी कुटुंबांना घरासाठी मदत द्यायची, असं त्यात ठरलं आहे. मी सांगलीत गवंडीकाम करतो, आता छोटी बांधकामं अंगावर घेतो. २०१५ पासूनच्या पहिल्या टप्प्यातली काही घरकुलं माझ्या हातची आहेत. योजनेला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही. पत्र्याच्या खोलीत दोन पिढ्या काढलेली माणसं स्लॅबखाली राहायला गेली ती याच पैशांमुळे. पण ही योजना घर मोजायला सुरुवात करते ती फरशीपासून वर. सांगलीत खरा खर्च फरशीच्या खाली, म्हणजे पाया आणि त्यावरचं जोतं यात असतो आणि तो कुणी धरतच नाही.

स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात. घर निदान ३० चौरस मीटरचं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. भागाकार करा, फुटाला पावणेआठशे रुपयेही पडत नाहीत. आज सळई, सिमेंट, वीट, वाळू आणि मजुरी धरून साधं बांधकामसुद्धा पंधराशेच्या खाली कुणी मिस्त्री घेणार नाही, मीही नाही. वरची भर मालकाने घालायची हे ठरलेलंच आहे. सरकार मदत देतं, घर बांधून देत नाही, एवढं सगळ्यांना कळतं. तक्रार त्याची नाही.

तक्रार मातीची आहे. कुपवाडकडे चढावर काही ठिकाणी दोन-तीन फूट खणलं की मुरूम लागतो. तिथे पाया स्वस्तात होतो. कृष्णेच्या बाजूला गेलात की खाली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढी भेग पडते आणि पावसात ती फुगते. अशा जमिनीवर उथळ पाया घेतला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघालीच म्हणून समजा. म्हणून खोल जायचं, काळी माती काढून टाकायची, मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करायचं, म्हणजे ठोकून घट्ट करायचं, मग फुटिंग, म्हणजे कॉलमखालचं काँक्रीट. शिवाय पुराच्या भीतीने जोतं उंच घ्यायचं म्हणजे आणखी भरणी. मुरमावरच्या माणसालाही अडीच लाख आणि काळ्या मातीवरच्यालाही अडीच लाख!

त्यात हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे. आधी तुम्ही जोत्यापर्यंत या, मग माणूस येऊन फोटो काढणार, मोबाईलवर जागेची नोंद होणार, मग पैसे सुटणार. कागदावर हे बरोबर आहे, नाहीतर पैसे लग्नात जातील असं साहेब लोक म्हणतात, आणि तसं झालेलं मीही पाहिलं आहे. पण ज्याच्याकडे जोत्यापर्यंतचे पैसे आहेत त्यालाच पहिला हप्ता, असा त्याचा अर्थ होतो. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या एका हमालाचं काम माझ्याकडे होतं. जुनी खोली पाडली, कुटुंब भाड्याने शेजारच्या गल्लीत गेलं. पाया खोल गेला, मुरमाच्या ट्रॉल्या ठरवल्यापेक्षा जास्त लागल्या. जोतं झालं तेव्हा त्याच्या बायकोने हिशोबाची वही माझ्यापुढे धरली. म्हणाली, “मिस्त्री, घर अजून दिसंना आणि पैसं संपलं की वो.” हप्ता यायला वेळ लागला. तोवर भाडंही चालू आणि बचत गटाचं कर्जही चालू. कॉलमच्या सळया उघड्या पडल्या. त्यांना गंज धरू नये म्हणून मी सिमेंटचं पाणी फासलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाहिलं तर ते पापुद्रे धरून गळून गेलेलं आणि खालून सळई लाल झालेली. पुढचं काम सुरू केलं तेव्हा दिवसभर तारेच्या ब्रशने त्या सळया घासत बसलो. ती मजुरी कुठल्या टप्प्यात धरायची?

हे झालं ज्याची जागा कागदावर आहे त्याचं. सांगली-मिरजेत निम्मं दुखणं गुंठेवारीचं आहे. शेतकऱ्याने रान तुकड्या-तुकड्याने विकलं, आमच्यासारख्यांनी एक-दोन गुंठे घेतले, कुणाकडे खरेदीपत्र, कुणाकडे नुसती नोटरी, आणि सातबारावर दहा-वीस नावं सामाईक. हे लोक अतिक्रमण करणारे नाहीत, रोख पैसे मोजून जागा घेतलेले आहेत. त्यांच्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला. त्यात १ जानेवारी २००१ ही मुदत होती, ती २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० केली. चांगलंच झालं. पण नियमित करून घ्यायचं तर मोजणी, नकाशा, प्रशमन शुल्क (विनापरवाना झालेलं नियमित करून घ्यायचे पैसे), विकास शुल्क असं सगळं आधी भरावं लागतं. ज्याच्याकडे त्यासाठी पैसे नाहीत तो नियमित होत नाही. जो नियमित नाही त्याला बांधकाम परवाना नाही, आणि परवाना नाही तर घरकुलाच्या फायलीला कुणी हात लावत नाही. म्हणजे पैशांची सगळ्यात जास्त गरज असलेला माणूस रांगेत उभाच राहू शकत नाही.

आता पूररेषेचं. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदाची ती लाल, असा हिशोब. आम्ही २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन पूर सोळा वर्षांत पाहिले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, म्हणजे २०२० च्या, निळ्या रेषेच्या आत नवीन घराला मनाई आहे. जुनी अधिकृत मिळकत असेल तर पुन्हा बांधता येते, पण जोतं लाल रेषेच्या वर दीड फूट हवं. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यातही उंचीची तीच अट. नियम शहाणपणाचा आहे, मी स्वतः गाळ काढलेला माणूस आहे, मला पटतो. पण सखल भागात लाल रेषेच्या वर जोतं म्हणजे घर खांबांवर उभं करायचं. खालचा अख्खा मजला मोकळा सोडायचा, जिना द्यायचा, कॉलम जाड करायचे. बंगलेवाला खाली गाडी लावून मोकळा होतो. सव्वातीनशे फुटांच्या घरकुलवाल्याने हा मजला कुठून आणायचा? आणि ‘अधिकृत’ या एका शब्दाने गुंठेवारीवाला पुन्हा बाहेरच राहतो. शामरावनगरात तर नदी लांब, नुसत्या पावसाचं पाणी कितीतरी दिवस हलत नाही.

यावर बैठकीत बसून उत्तर सोपं असतं, उचला आणि उंचावर न्या. उंचावर म्हणजे शहराच्या पार टोकाला, जिथे रात्री रिक्षा मिळत नाही. हमालाला पहाटे यार्डात पोचायचं असतं, त्याच्या बायकोला विश्रामबागेत चार घरची धुणीभांडी असतात. अशी लांबची घरं मिळालेले लोक ती भाड्याने देऊन पुन्हा जुन्याच गल्लीत खोली घेतात, आणि मग वर्तमानपत्रात येतं की लाभार्थ्यांनी घरं विकली, भाड्याने दिली! हलवायचंच असेल तर कामाच्या वाटेवर हलवा. गावभागातल्या जुन्या वाड्यांचं निराळंच आहे, तिथे कागद आहे पण मालकांच्या चार पिढ्यांचे वारस आणि नाममात्र भाड्याचे भाडेकरू एकमेकांकडे बघत बसलेत आणि मधल्या मध्ये तुळई कुजते. त्यावर कधी वेगळं लिहीन.

माझं मागणं जोत्यापुरतंच आहे. पहिल्या हप्त्यातला काही भाग पाया खणायच्या आधी द्या, हवं तर माणसाच्या हातात न देता सळई-सिमेंटच्या दुकानदाराला थेट द्या. काळ्या मातीच्या आणि पूरपट्ट्यातल्या घरांना भरणी आणि उंच जोत्यासाठी राज्याने वेगळी रक्कम जोडावी. कृष्णा खोऱ्यातल्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेचं कर्ज मिळू शकतं, तर त्या पाण्यात उभ्या असलेल्या घराचं जोतंही त्याच कामात धरायला हरकत काय? गुंठेवारीची मोजणी वॉर्डातच शिबिर लावून करा आणि घरकुलाला पात्र कुटुंबाचं प्रशमन शुल्क शेवटच्या हप्त्यातून कापा, आधी मागू नका.

आणि एक काम तर फुकटात होण्यासारखं आहे. लाल रेषा नकाशावर आहे, रस्त्यावर कुठेच नाही. लोक जोतं घेतात ते शेजाऱ्याच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याचा डाग कुठवर आहे ते बघून, आणि तो डागही आता रंगात गेला. पाटबंधारे खात्याने आणि महापालिकेने प्रत्येक गल्लीतल्या एका विजेच्या खांबावर लाल पट्टा मारून ती उंची दाखवावी. गल्लीत एक खूण करून द्या, तिथून पुढे दारोदार पाण्याच्या नळीने लेव्हल न्यायला आम्ही मिस्त्री आहोत, त्याचे पैसे लावणार नाही.

आपला,
एक बांधकाम मिस्त्री, सांगली