ओटीपी मी का दिला नाही

चि. ओजस,

गेल्या रविवारी तू धावत आलास आणि म्हणालास, "बाबा, ओटीपी आला असेल, पटकन सांग, तीनच मिनिटं उरलीत." मी चष्मा शोधत राहिलो. तीन मिनिटं संपली, तुझ्या खोलीचं दार आपटलं आणि पुढे दोन दिवस तू माझ्याशी फक्त हं-नाही एवढंच बोललास.

मग शुक्रवारी तुझ्या मागून जाताना स्क्रीनवर, तुझ्या गेमच्या दुकानात, तेच काळं-सोनेरी चिलखत दिसलं, ज्यासाठी तुला ओटीपी हवा होता. तोच भाव, तोच 'शेवटची संधी'चा फलक, फक्त घड्याळ नव्याने चोवीस तासांवर लावलेलं. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तूही पाहिलंस. दोघंही काही बोललो नाही, म्हणून हे लिहितोय.

'गेम म्हणजे वेळेची नासाडी' म्हणणारा बाप तुला मिळालेला नाही, हे तुला माहीत आहे. मी तुझ्या आधीपासून खेळतोय. २००६ च्या एप्रिलमध्ये बेथेस्डा या कंपनीने आपल्या 'ऑब्लिव्हियन' गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं, अडीच डॉलरला. आम्ही मित्र पोट धरून हसलो होतो. घोड्याला चिलखत, आणि तेही पैसे मोजून! पण ते खपलं. हसणारे वेगळे आणि घेणारे वेगळे होते, असं काही मला वाटत नाही.

वरून विकलेली प्रत्येक गोष्ट लुबाडणूक असते असंही नाही. 'द विचर ३' या गेमसाठी सोळा छोट्या जोडण्या, म्हणजे गेममध्ये मागाहून घातलेली भर, फुकट आल्या, आणि २०१६ मध्ये 'ब्लड अँड वाइन' ही मोठी, विकतची जोडणी आली ती आख्खा नवा प्रदेश घेऊन. त्याचे पैसे द्यायला मन कचरत नाही, कारण माणसांनी मागाहून बसून केलेलं ते काम आहे. उलट २०१२ चा 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' हा गेम घे. बारा पात्रं डिस्कवर आधीच होती, फक्त कुलूपबंद. डिस्क तुमच्या हातात, पैसे देऊन झालेले, आणि किल्ली मात्र वेगळी विकत घ्यायची. (पहिल्याच दिवशी आलेली प्रत्येक जोडणी अशीच मूळ गेममधून कापून काढलेली असते असं मात्र समजू नकोस. चित्रकारांचं काम बरंच आधी संपतं, तेव्हा प्रोग्रामर अजून चुका निस्तरत असतात. त्या मधल्या वेळात खरंच नवं काही तयार होऊ शकतं.)

आता तुझं चिलखत. मी "किती पैसे?" असं तीनदा विचारलं आणि तीनही वेळा तू "बाराशे हिरे" म्हणालास. तू लपवत नव्हतास, तुलाच चटकन सांगता येत नव्हतं. हिरे, म्हणजे खरे पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन, त्यासाठीच असतात. तुझ्याकडे आधीचे ३०० उरले होते, म्हणजे हवे होते ९००. पण ९०० ची पुडी नसते, असते ५०० ची नाही तर १००० ची. १००० घेतले की १०० उरणार, आणि १०० मध्ये त्या दुकानात काहीही मिळत नाही. उरलेले हिरे मग डोळ्यांसमोर लुकलुकत राहतात आणि पुढच्या पुडीची आठवण करून देतात. ते आधीचे ३०० तरी कुठून आले होते, आठव. त्यात 'घ्या' हे बटण अंगठ्याएवढं आणि 'नको' कोपऱ्यात, राखाडी रंगात.

या रचना बाळबोध चुका नव्हेत. 'फोर्टनाइट' या गेममध्ये बटणांची मांडणीच अशी होती की एका चुकीच्या दाबाने खरेदी व्हायची, आणि मुलं आईवडिलांच्या नकळत पैसे खर्चत होती, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये तो गेम बनवणाऱ्या एपिक कंपनीने ग्राहकांच्या परताव्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. तेव्हा तू भुललास याचा मला राग नाही. मोठी माणसंही भुलतात. मी एका गेमचा सीझन पास, म्हणजे पुढे येणाऱ्या जोडण्यांचे एकरकमी पैसे भरायची सोय, गेम यायच्या आधीच घेतला होता, आत काय असणार हे कळायच्याही आधी. त्यातलं निम्मं सामान मी कधी उघडलंसुद्धा नाही. पैसे आधी आणि माल मागाहून, हा व्यवहार एरवी मी कुणाशी केला असता?

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच गेमला तू त्या दुपारी एक तारा दिला होतास. 'पैसेखाऊ', 'लाज वाटली पाहिजे', असं बरंच लिहिलंस, मला वाचूनही दाखवलंस. आणि संध्याकाळी ओटीपी मागायला आलास. अरे, गेम कंपनीवाले तुझा अभिप्राय वाचतील न वाचतील, पण जमा झालेले पैसे नक्की मोजतात. पुढच्या गेममध्ये काय कापायचं नि काय विकायचं हे ठरतं ते त्या आकड्यावरून.

२०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या गेममधल्या लूट बॉक्सवर, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांवर, खेळणारे असे काही उखडले की ईए कंपनीला गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी आतली पैशांची खरेदी बंद करावी लागली. बेल्जियमच्या जुगार आयोगाने लूट बॉक्सला जुगार ठरवलं ते त्यानंतर, २०१८ च्या एप्रिलमध्ये. पण 'बॅटलफ्रंट'च्या वेळीही नुसत्या शिव्या पुरल्या असत्या का, मला शंका आहे. गेमच घेणार नाही म्हणणारे बरेच होते, आणि त्यांनी आधी नोंदवलेली मागणी रद्द करायला सुरुवात केली होती.

तर आपल्यात असं ठरवू. घड्याळ टिकटिकत असताना ओटीपी मिळणार नाही, कितीही आरडाओरडा केलास तरी. किंमत मला हिऱ्यांत नाही, पैशांत सांगायची. तीन दिवसांनीही हवंसं वाटलं तर तुझ्या साठलेल्या पैशांतून घे, मी 'कशाला' म्हणून विचारणार नाही. चिलखत दिसायला झकास आहे, हे मलाही मान्य आहे. कन्सोलवर माझं कार्ड वर्षानुवर्षं जोडून ठेवलं होतं ते मी काल काढून टाकलं, ती चूक माझी होती. आणि तू महिनाभर ज्या एक्सपान्शनबद्दल, म्हणजे मोठ्या जोडणीबद्दल, बोलतोयस, ते लोकांनी खेळून पाहिलं की आपण दोघं मिळून घेऊ. शनिवारी आधी मी खेळणार.

चष्मा त्या दिवशी माझ्या खिशातच होता.

तुझा,
बाबा