हतनूर धरणाच्या खाली नदीत किती पाणी सोडतात तेही छापा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बॅरेज, बलून (रबरी फुग्याचे) बंधारे, नार-पार-गिरणा नदीजोड, याच्या बातम्या आपल्या पेपरात कायम असतात आणि त्या यायलाच पाहिजेत, खान्देशात पाण्याइतका मोठा प्रश्न दुसरा नाही. पण जवळजवळ प्रत्येक बातमीत कोणा ना कोणा पुढाऱ्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, इतके टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी समुद्रात वाया जातंय ते आपण अडवू. मला या वाक्यावरच लिहायचंय. समुद्रापर्यंत गेलेलं पाणी वाया गेलं असं धरून आपण पन्नास-साठ वर्षं नद्या अडवत आलो, पण नदीला स्वतःला काही पाणी लागतं का हे मात्र कोणी विचारतच नाही.

२०१९ साली नेचर या विज्ञान साप्ताहिकात जगभरातल्या नद्यांचा एक मोठा अभ्यास आला होता. १००० किलोमीटरपेक्षा लांब अशा २४६ नद्या त्यांनी बघितल्या, तर उगमापासून शेवटपर्यंत मोकळ्या वाहणाऱ्या फक्त ३७ टक्के निघाल्या. त्याही कुठे, तर बर्फाळ उत्तरेत, ॲमेझॉनच्या आणि काँगोच्या खोऱ्यात, म्हणजे जिथे माणूसच कमी. दाट वस्तीच्या भागात ब्रह्मदेशाकडची इरावती आणि साल्वीन अशी हातावर मोजण्याइतकी नावं उरलीत. इरावतीवर मित्सोन इथे मोठं धरण व्हायचं होतं, लोकांचा विरोध बघून तिथल्या सरकारने २०११ मध्ये ते थांबवलं.

या मोकळ्या नद्या काय करतात ते बघण्यासारखं आहे. कॅनडात फ्रेझर नावाची नदी आहे, साधारण १३७० किलोमीटर, म्हणजे आपल्या तापीच्या जवळपास दुप्पट. तिच्या मुख्य धारेवर एकही धरण नाही. मोरान नावाचं धरण बांधायचा विषय तिथे कितीतरी वर्षं चालला पण साल्मन माशाचा रस्ता बंद होईल म्हणून ते झालंच नाही, आणि तो मासा आजही समुद्रातून उलटा पोहत शेकडो किलोमीटर आत येऊन अंडी घालतो. ॲमेझॉनमध्ये तर एक मोठा मांगूर जातीचा मासा आहे तो अँडीज डोंगराच्या पायथ्याशी जन्मतो, नदीच्या मुखापर्यंत जातो आणि मोठा झाला की परत डोंगराकडे, येऊन-जाऊन ११ हजार किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास, सगळा गोड्या पाण्यात! मुख्य नदी मोकळी आहे म्हणून हे होतं, तिच्या मदैरा या उपनदीवर दोन मोठी धरणं झाली तर तिथे त्याची वाट अडली.

आणि आपली शेजारीण नर्मदा बघा. भरूचकडे समुद्रातून हिलसा मासा वर यायचा, तिथल्या मच्छीमारांची कितीतरी घरं त्याच्यावर चालायची. वर सरदार सरोवर धरण झालं, वरून येणारं गोडं पाणी कमी झालं, खारं पाणी आत सरकलं आणि हिलसा घटला. जे पाणी वाया जातंय म्हणतात ते या लोकांची रोजीरोटी होतं. धरणाचं बुडीत तर आपल्या नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या गावांनी सोसलंय, ते वेगळं सांगायला नको.

आता तापी. मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर. तिच्यावरची धरणं आणि बॅरेज मोजा, हतनूर, शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातेत १९७२ चं उकाई, त्याच्या खाली काकरापार. पाडळसे धरण अजून पूर्ण व्हायचंय. एवढ्या पायऱ्यांमध्ये उन्हाळ्यात ती नदी कमी आणि एकामागे एक तलाव जास्त वाटते. तिची उपनदी गिरणा, तिचं तर सगळ्यांना माहितीये, आवर्तन (धरणातून पाळीने सोडलेलं पाणी) सुटलं की काही दिवस पाणी दिसतं, नाहीतर एप्रिल-मे मध्ये नुसती वाळू आणि वाळूवर ट्रॅक्टर.

मी धरणाच्या विरोधात नाही हे स्पष्ट लिहितो. गिरणेच्या आवर्तनावर किती गावांचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे ते या भागात राहणाऱ्याला कोणी शिकवायला नको, आणि पाडळसेची वाट बघून लोक म्हातारे झाले तेही खरं. पण अडवणं आणि पूर्ण कोंडणं यात फरक आहे. पांझरेवर आपल्या पूर्वजांनी फड पद्धतीचे बंधारे बांधले, पाटाने शेतं भिजायची, वाटप गावाने ठरवायचं आणि उरलेलं पाणी बंधाऱ्यावरून खाली वाहत पुढच्या गावाच्या बंधाऱ्याला जायचं. शेकडो वर्षं चाललं हे.

शिवाय वाहतं पाणी फक्त समुद्राला जात नाही. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाले पायथ्याच्या बझाडा (डोंगरातून आलेल्या दगडगोटे-वाळूच्या) पट्ट्यात मुरतात आणि तेच पाणी रावेर-यावल-चोपड्याच्या विहिरींना येतं, ज्याच्यावर केळी उभी आहे. तिथली पातळी खोल गेली म्हणून तर मेगा रिचार्जची, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या मोठ्या योजनेची, मागणी आहे ना. आणि केळीची ही जमीन तरी कोणी केली, तापी-पूर्णेनं हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळानं केली. तोच गाळ आज हतनूरमध्ये साचतोय, धरणाची क्षमता खातोय, आणि खालच्या काठाला मिळत नाही.

गंगेसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नोटिफिकेशन काढलं, उगमाच्या हिमनद्यांपासून देवप्रयागवरून हरिद्वारपर्यंतच्या भागात नोव्हेंबर ते मार्च या काळात सरासरी प्रवाहाच्या २० टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी नदीत राहिलंच पाहिजे. गंगेला नियम होतो तर तापी-गिरणेला का नको? आषाढात तापीचा जन्मोत्सव आपण करतो, श्रावणात कानबाई नदीवर नेतो, मग तिला बारा महिने एक धार तरी ठेवा ही मागणी आपल्या आमदार-खासदारांनी विधानसभेत-लोकसभेत मांडायला काय हरकत आहे. आणि सातपुड्यातल्या ज्या नद्यांवर अजून काहीच बांधलेलं नाही त्यांची यादी जिल्हा प्रशासनाने करावी आणि त्यातली निदान एक तरी कायमची मोकळी सोडावी. अल्बानियासारख्या छोट्या देशाने हे केलंय. व्योसा नावाची नदी, २७० किलोमीटरच्या आसपास, तापीच्या निम्मी पण नाही, तिच्यावर धरणं होणार होती, गावकरी आणि शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं लढले आणि मार्च २०२३ मध्ये अल्बानियातली ती अख्खी नदी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. अमेरिकेत तर क्लॅमथ नदीवरची चार जुनी धरणं २०२४ मध्ये पाडली आणि त्याच वर्षी साल्मन वर चढून आले.

आपल्या पेपरला एक विनंती. उन्हाळ्यात तुम्ही धरणांचा जलसाठा टक्क्यांत छापता, हतनूर इतका, गिरणा इतका, वाघूर इतका. त्याच चौकटीत अजून एक रकाना टाका, की आज या धरणाच्या खाली नदीत किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी वाहतंय. शून्य असेल तर शून्य छापा. आकडा जलसंपदा विभागाकडून रोज मागवा, नाही दिला तर माहिती अधिकारात मागा, अर्ज करायला आम्ही वाचक पण तयार आहोत.

आपला,
एक वाचक, अमळनेर