मुक्ता, ती जर्मन कविता पाठव

बेळगाव

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आता कविता जर्मनमध्येच सुचते, मराठीत हातच वळत नाही." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन तुझ्या आईच्या हातात दिला. चुकलंच माझं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तीस वर्षं मराठी पेपरच्या डेस्कवर बसून दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि पोटच्या पोरीशी चार शब्द धड बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र.

तुझ्याच ड्युसेलडॉर्फमध्ये एक कवयित्री राहून गेली, रोझे आउसलेंडर. मी तिला इंग्रजी अनुवादांतून वाचली, तू मुळातून वाचशील. तिचं गाव चेर्नोवित्स, बुकोविना प्रांतातलं. १९०१ साली ती जन्मली तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते रोमानियाकडे गेलं, पुढे सोव्हिएत संघाकडे, आता युक्रेनमध्ये आहे. गाव जागचं हललं नाही, पाट्या तेवढ्या बदलत गेल्या: चेर्नोवित्स, चेर्नाउत्सी, चेर्निव्त्सी. बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपणही १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, २०१४ साली 'बेळगावी' झालो, आणि घराचा उंबरा होता तिथेच आहे.

त्या गावात जर्मन, रोमानियन, युक्रेनियन, यिडिश, पोलिश अशा सगळ्या भाषा कानावर पडायच्या. आपल्या रविवार पेठेतला दुकानदार कसा गिऱ्हाइकाशी मराठीत, हमालाशी कानडीत आणि शेजाऱ्याशी उर्दूत बोलतो, तसंच असणार. रोझेचं घर ज्यू, घरची भाषा जर्मन. रोमानियाच्या राज्यात जर्मन बोलणारे अल्पसंख्य झाले, आणि त्यातही ज्यू असणं म्हणजे दुहेरी परकेपण.

वडील १९२० साली गेले, घरात पैशाची ओढाताण. आईने सांगितलं म्हणून वर्षभरात ती अमेरिकेला गेली. वय अवघं वीस. मिनीॲपोलिसमध्ये 'वेस्टलिशर हेरोल्ड' नावाचं जर्मन वर्तमानपत्र निघायचं, तिथे तिने संपादकीय काम केलं. मग न्यू यॉर्कच्या बँकेत नोकरी. आई आजारी पडली तशी १९३१ साली गावी परतली, आणि वर्तमानपत्रांत लेखन, भाषांतरं, इंग्रजीच्या शिकवण्या असं करत राहिली. अमेरिकेबाहेर फार काळ राहिल्यामुळे तिथलं नागरिकत्वही गेलं.

पहिला संग्रह १९३९ साली आला. नावाचा अर्थ 'इंद्रधनुष्य'. दोन वर्षांत नाझी आणि त्यांच्या साथीचं रोमानियन सैन्य गावात शिरलं, ज्यूंना घेटोत, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या बंदिस्त वस्तीत कोंडलं, पुस्तकाच्या बहुतेक प्रतीही नष्ट झाल्या. आईला घेऊन ती तळघरांत लपून राहिली. त्या अंधारात ती कविता लिहीत होती, आणि त्याच भाषेत, जी मारायला आलेल्यांचीही होती. याच काळात पाउल त्सेलान हा तरुण कवी तिला भेटला.

आता मला जे सांगायचंय ते ऐक. युद्धानंतर १९४६ साली ती पुन्हा न्यू यॉर्कला गेली. वर्षभरात आई तिकडे रोमानियात वारली, हिला शेवटचं भेटताही आलं नाही. त्यानंतर तिची जर्मन कविता बंद झाली. जवळजवळ आठ वर्षं ती फक्त इंग्रजीत कविता लिहीत होती. १९५६ साली अमेरिकन कवयित्री मेरिअन मूर यांनी तिला मातृभाषेत लिहायला सांगितलं, आणि जर्मन परत आली. पण पूर्वीची नाही. आधी यमकात बांधलेली कविता असायची, आता दोन-तीन शब्दांची ओळ, मध्ये मोकळी जागा. ती आठ वर्षं वाया गेली असं मला मुळीच वाटत नाही. इंग्रजीत राहून आल्यामुळेच तिची जर्मन अशी नेमकी झाली असावी. दुसरा संग्रह निघाला १९६५ साली, पहिल्यानंतर तब्बल सव्वीस वर्षांनी. तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती!

तू लहान असताना शेजारच्या कानडी अज्जींकडे 'ओंदु, एरडु' (एक, दोन) करत चिंचोके मोजायचीस आणि घरी येऊन तोच हिशेब मराठीत सांगायचीस. तेव्हा मला कौतुक वाटायचं. मग आताच का घाबरलो, कोण जाणे.

शेवटची वर्षं ती ड्युसेलडॉर्फमध्ये, ज्यू समाजाच्या नेली झाक्स वृद्धाश्रमात होती. अंथरुणाला खिळलेली, हाताने लिहिता येईना, तर कविता सांगायची आणि दुसरं कुणी लिहून घ्यायचं. ३ जानेवारी १९८८ रोजी गेली. तिची एक छोटी कविता आहे. जर्मनमध्ये देशाला 'पितृभूमी' म्हणतात. ती म्हणते, ती पितृभूमी मेली, आता मी माझ्या मातृभूमीत राहते, म्हणजे शब्दात. आपल्या तोंडी 'मातृभूमी' हा शब्द इतका रुळलाय की त्यातली कळ माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागला. तुला लगेच कळेल.

तिची समाधी तिथल्या नॉर्डफ्रीडहोफ दफनभूमीत आहे. सवडीने जाऊन ये. ज्यूंमध्ये समाधीवर फूल नाही, लहानसा दगड ठेवतात.

आणि तुझी ती कविता मला पाठव. हाताने लिहून, टपालाने. मला वाचता येणार नाही, पण अक्षर तर तुझंच असेल. मग रविवारी फोनवर ती जर्मनमध्ये म्हणून दाखव, आईला मराठीत अर्थ सांग. मी शेजारीच बसलेला असेन.

कुंद्याचा डबा कुरियरने पाठवलाय. पोचला की कळव.

तुझा,
बाबा