अर्धं तिकीट मिळालं, आता शौचालयाकडे बघा: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या जत, आटपाडी, विट्याच्या गाड्या बायकांनी भरून वाहू लागल्या. कुणी कॉलेजला, कुणी माहेरी, कुणी मिरजेच्या दवाखान्यात. ज्या एकट्या कधी गावाबाहेर पडल्या नव्हत्या त्याही निघाल्या. या निर्णयाबद्दल सरकारचे मनापासून आभार मानते. पण याच बायका प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, औषधं. हे घराघरात चालतं आणि कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या भागातल्या एका स्टँडवर गेल्या उन्हाळ्यात पाहिलं ते सांगते. पुरुषांची मुतारी फुकट. बायकांच्या दाराशी मात्र टेबल टाकून माणूस बसलेला, लघवीलाही पैसे घेतल्याशिवाय आत सोडत नव्हता. आत दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, पॅड टाकायला डबा नाही. एक मुलगी बाहेरून दार धरून उभी होती, आत तिची मैत्रीण. पैसे देऊनसुद्धा ही अवस्था.

लेकीच्या नोकरीमुळे जर्मनी आणि जपान बघायला मिळाले. तिथलं सगळंच फुकट असतं असं नाही. जर्मनीच्या महामार्गांवर बऱ्याच ठिकाणी एक युरो मोजावा लागतो, पण तो बाई-पुरुष दोघांनाही, आणि त्याची कुपन मिळते, ती तिथल्याच दुकानात चालते. मला जास्त पटली ती त्यांची दुसरी पद्धत. आलेन नावाच्या एका लहान शहराने २००० साली ती सुरू केली. नवीन शौचालयं बांधत बसण्याऐवजी नगरपालिका हॉटेलं आणि दुकानांना ठरावीक रक्कम देते. त्या बदल्यात ते आपलं शौचालय कुणालाही विनामूल्य वापरू देतात. दारावर स्टिकर असतो, त्यामुळे विचारायचा संकोच नाही. चहासुद्धा घ्यावा लागत नाही. पुढे इतर अनेक शहरांनी हे उचललं.

टोकियोच्या शिबुया भागात तादाओ आंदो, शिगेरू बान अशा मोठ्या वास्तुरचनाकारांनी आणि डिझायनरांनी मिळून सतरा सार्वजनिक शौचालयं उभी केली आहेत. बान यांच्या शौचालयाच्या भिंती रंगीत काचेच्या. कडी लावली की काच अपारदर्शक होते. लोक फोटो काढतात ते या काचेचे. मला महत्त्वाची वाटली ती देखभाल. दिवसभर सफाईचे लोक येत राहतात आणि त्यांचे गणवेश निगो या नामवंत फॅशन डिझायनरने केले आहेत. सफाई करणाऱ्याला तिथे मान आहे, म्हणून जागा स्वच्छ आहे, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे फरशा बसतात, उद्घाटन होतं, आणि झाडूवाल्या बाईला फिनेल कोण देणार हेच ठरलेलं नसतं.

हे आपल्याला झेपणार नाही असं कुणी म्हणू नये. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान राज्यभर नेणारे आर. आर. पाटील याच जिल्ह्यातल्या अंजनीचे. तेव्हा गावंच्या गावं झाडू घेऊन रस्त्यावर आली होती.

आपल्या हातात दोन गोष्टी लगेच आहेत. लांब पल्ल्याच्या एसटी गाड्या जेवणासाठी ठरवून दिलेल्या हॉटेलांवर थांबतात. त्या थांब्याच्या करारात स्वच्छ, कडी-पाणी असलेलं, बायकांना विनामूल्य शौचालय ही अट घाला आणि अट मोडणाऱ्याचा थांबा काढून घ्या. त्यात महामंडळाला बांधकामाचा एक रुपयाही खर्च नाही. दुसरं, बसस्थानकांवर बायकांकडून लघवीचे पैसे घेणं पूर्ण बंद करा, ठेकेदाराचं बिल महिला प्रवाशांनी शौचालय तपासून सही केल्यानंतरच काढा आणि सफाई कामगारांचा पगार, हातमोजे, साबण त्या ठेक्यातच लिहून घ्या.

तपासणीसाठी महिला हव्या असतील तर आमच्या भागातल्या निवृत्त शिक्षिका आणि बचत गटाच्या बायका बिनपगारी यायला तयार आहेत. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक एसटी प्रवासी, सांगली